घरी बनविलेल्या ध्वनिकेबलींसाठी प्लगची निवड

मूळ ध्वनीशी शक्य तितके तद्रूप असे श्रवण वा मुद्रण, म्हणजे ज्यास व्यवहारात 'हाय-फाय' म्हणतात ते, साधू इच्छिणारा अभ्यासक मायक्रोफोन, ध्वनिमुद्रक, विवर्धक आणि ध्वनिक्षेपक ह्यांची निवड पुष्कळ विचारान्ती करतो. ही उपकरणे परस्परांस जोडणाऱ्या केबलीविषयी मात्र दोन टोकांची मते प्रचलित आहेत. कोणतीही वायर आणि कोणताही प्लग चालतो, असे एक मत. सोन्याचा मुलामा दिलेला, भरभक्कम किमतीचा प्लग लावल्यावाचून ध्वनीस खरा उठाव येत नाही, असे दुसरे. ही दोन्ही मते थोड्याशा अंकगणितापुढे टिकत नाहीत. प्लगच्या किमतीचा जो भाग चकाकीसाठी जातो तो बहुतांशी वाया जातो. जो भाग बाहेरच्या कड्याच्या घट्टपणासाठी आणि केबलच्या पकडीसाठी जातो तो मात्र पुरेपूर वसूल होतो. प्रस्तुत लेखात ह्या विधानाची कारणे द्यावयाची आहेत, आणि परवडणाऱ्या प्लगांतून योग्य तो प्लग कसा पारखावा हेही सांगावयाचे आहे.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. मेळघाटात, विशेषतः धारणी तालुक्यात, कोरकू भाषेचे व गीतांचे ध्वनिमुद्रण करावयास जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती बहुधा मर्यादित निधी असतो. तयार केबली महाग पडतात. स्वतः बनविलेली केबल हव्या त्या लांबीची, दुरुस्त करता येण्याजोगी आणि स्वस्त असते. परंतु तिचा प्लग चुकीचा निवडला तर मुद्रणावर आधारलेले निष्कर्षच संशयास्पद ठरू शकतात. हे कसे घडते ते पुढे दाखविले आहे.

मधल्या पिनेचा रोध किती महत्त्वाचा?

एका उपकरणातून दुसऱ्या उपकरणात संकेत नेणाऱ्या, म्हणजे लाइन पातळीच्या, जोडणीत संकेत पाठविणाऱ्या उपकरणाचा अंतर्गत संरोध सामान्यतः १०० ते १,००० ओहम असतो, आणि संकेत घेणाऱ्या उपकरणाचा १०,००० ते ४७,००० ओहम. प्लग व सॉकेट ह्यांमधील चांगल्या संपर्काचा रोध काही मिलिओहम भरतो. तो जुना व मळलेला असून ५० मिलिओहमांपर्यंत वाढला आहे असे धरले, तरी १०,००० ओहमांशी त्याचे प्रमाण दहा लाखांस पाच एवढेच पडते. ह्यामुळे संकेतात होणारी घट ०.००००४ डेसिबेल इतकी आहे. मानवी कानास एक डेसिबेलाचा फरकही सहजी जाणवत नाही. तेव्हा पिनेवरील सोन्यामुळे संपर्काचा रोध २० मिलिओहमांवरून ५ मिलिओहमांवर आला, तरी त्याचा श्रवणाशी काही संबंध पोहोचत नाही.

ध्वनिक्षेपकाच्या केबलचे गणित थोडे निराळे आहे. तेथे प्रवाह मोठा असतो. ८ ओहमांच्या ध्वनिक्षेपकास ५० वॉट शक्ती पुरविताना २.५ अँपिअर प्रवाह वाहतो. संपर्काचा रोध ५० मिलिओहम असेल तर घट ०.०५ डेसिबेलच होते. पण संपर्काच्या त्या एवढ्याशा जागी सुमारे ०.३ वॉट उष्णता निर्माण होते, आणि सैल संपर्क तापून अधिकच बिघडत जातो. ह्यावर सर्वांत स्वस्त उपाय असा की येथे प्लग लावूच नये. तांब्याच्या तारांचे टोक पिळून, त्यावर थोडा दाब देऊन विवर्धकाच्या स्क्रूखाली घट्ट आवळले, तर तो संपर्क कोणत्याही 'बनाना' प्लगपेक्षा निकृष्ट ठरत नाही. वरचेवर काढघाल करावयाची असेल तरच बनाना प्लग घ्यावा.

खरा प्रश्न बाहेरच्या कड्याचा

घरगुती हाय-फाय उपकरणांत सर्वत्र आढळणाऱ्या आरसीए जोडणीत दोनच मार्ग असतात : मधली पिन आणि तिच्याभोवतीचे धातूचे कडे. हे कडे केबलच्या जाळीस, म्हणजे शील्डला, जोडलेले असते. जाळीस येथे दोन कामे करावी लागतात. बाहेरील विद्युत्क्षेत्रापासून आतील तारेचे रक्षण करणे हे एक काम, आणि संकेताचा परतीचा मार्ग होणे हे दुसरे. दोन कामे एकाच वाहकावर टाकल्यामुळे एक अडचण उद्‌भवते.

समजा, दोन्ही उपकरणे घरातील वीजपुरवठ्यावर चालत असून दोहोंस भूसंपर्क, म्हणजे अर्थिंग, आहे. अशा वेळी अर्थिंगच्या तारा आणि केबलची जाळी मिळून एक बंद फेरा तयार होतो व त्यातून ५० हर्ट्‌झचा अनाहूत प्रवाह वाहू लागतो. हा प्रवाह १० मिलिअँपिअर धरू. कड्याचा संपर्करोध ५० मिलिओहम असेल तर त्यावर ०.५ मिलिव्होल्टचा दाब निर्माण होतो आणि तो थेट संकेतात मिसळतो. लाइन पातळीचा संकेत सुमारे ३१६ मिलिव्होल्ट धरल्यास ही घरघर त्याच्या ५६ डेसिबेल खाली राहते. शांत आलापात ती कानास लागते. कडे सैल होऊन रोध अर्ध्या ओहमावर गेला, आणि प्रवाह तेवढाच राहिला, तर घरघर ३६ डेसिबेलवर येते. मग ती कोणासही ऐकू येईल. उलट, मधल्या पिनेचा रोध तेवढाच, म्हणजे अर्धा ओहम, झाला तरी संकेतात काहीच फरक कळणार नाही. म्हणजे ज्या पिनेवर विक्रेता सोन्याचे पाणी दाखवितो ती पिन दुय्यम असून, ज्या कड्याकडे ग्राहक पाहतही नाही ते कडे प्रधान आहे.

रेकॉर्ड-प्लेअरच्या बाबतीत हे अधिकच तीव्रतेने जाणवते. कारण चुंबकीय कार्ट्रिजमधून निघणारा संकेत अवघा ३ ते ५ मिलिव्होल्ट असतो. त्यात अर्धा मिलिव्होल्ट घरघर मिसळली तर श्रवण अशक्यच होईल. बहुतेक रेकॉर्ड-प्लेअरांस भूसंपर्काची एक निराळी बारीक तार दिलेली असते ती ह्याचसाठी. ती तार न जोडता महागडे प्लग लावणे म्हणजे छप्पर गळत असता भिंती रंगविण्यासारखे आहे.

घरघर आणि खरखर : कोरकूच्या मुद्रणातील धोका

आता हा विचार धारणीच्या संदर्भात पाहू. कोरकू ही मुंडा गटातील सर्वांत पश्चिमेकडील भाषा होय. २०११ च्या जनगणनेनुसार तिच्या भाषकांची संख्या सुमारे ७ लाख २७ हजार असून ते मुख्यत्वे मध्य प्रदेश व महाराष्ट्र ह्या राज्यांत राहतात. नॉर्मन झाइड ह्यांनी १९६० साली पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठास सादर केलेला प्रबंध कोरकूच्या स्वनविचारावरच होता, आणि १९६६ साली त्यांनी ह्या भाषेतील नीच सुराविषयी स्वतंत्र लेख लिहिला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील के. एस. नागराज ह्यांचे कोरकूचे व्याकरण, संहिता व शब्दसंग्रह हे पुस्तक १९९९ साली टोकियो येथून प्रसिद्ध झाले. ह्या अभ्यासाच्या संदर्भात दोन गोष्टी आपल्या विषयाशी निगडित आहेत : एक सुराची, आणि दुसरी शब्दान्ती येणाऱ्या व्यंजनांची.

सुराचे मोजमाप म्हणजे आवाजाच्या मूळ कंप्रतेचे मोजमाप. प्रौढ पुरुषाच्या बोलण्याची मूळ कंप्रता साधारणतः ८५ ते १८० हर्ट्‌झ ह्या पट्ट्यात असते. वीजपुरवठ्याची घरघर ५० हर्ट्‌झची असली तरी तिच्या पटी, म्हणजे १०० व १५० हर्ट्‌झ, नेमक्या ह्याच पट्ट्यात पडतात. 'प्राट' सारखा संगणकीय कार्यक्रम आवाज क्षीण झाला की ह्या स्थिर घरघरीसच सूर समजू शकतो. नीच सुराचा शोध घेताना आवाज ज्या ठिकाणी खाली उतरतो आणि क्षीणही होतो, तेथेच ही गफलत होण्याचा संभव अधिक. मागाहून गाळणी लावून १०० व १५० हर्ट्‌झ काढून टाकावे म्हटले, तर त्यांबरोबर वक्त्याच्या आवाजाचा तेवढा अंशही जातो.

दुसरी गोष्ट अशी की शब्दाच्या शेवटी जिभेने अथवा ओठांनी अडविलेली, परंतु पुढे न फुटणारी व्यंजने हे मुंडा भाषांचे एक सर्वपरिचित लक्षण आहे. अशा व्यंजनाची ओळख स्फोटाच्या अभावावरून होते. सैल प्लगमुळे उमटणारी खरखर ही काही मिलिसेकंदांची तुटक टिकटिक असते, आणि तरंगाच्या आलेखात ती स्फोटासारखीच दिसते. ती नेमकी शब्दान्ती पडली तर न फुटलेले व्यंजन फुटलेले भासेल, आणि अभ्यासक आपल्या टिपणात त्याप्रमाणे नोंद करील. कमी किमतीच्या वाईट प्लगची खरी किंमत ही अशी असते.

येथे एक दिलासाही आहे. ध्वनिमुद्रक सेलवर चालविला आणि वीजपुरवठ्याशी कोणताही संबंध ठेवला नाही, तर अर्थिंगचा फेरा निर्माणच होत नाही. मुलाखतीच्या मुद्रणात हाच मार्ग श्रेयस्कर होय. परंतु होळीच्या दिवसांतील अथवा एखाद्या समारंभातील गाणी मुद्रित करताना मंडपातील विवर्धकातून थेट संकेत घ्यावयाचा झाला, किंवा सेल संपत आले म्हणून ध्वनिमुद्रक चार्जरला लावावा लागला, की घरघरीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

प्लगांचे प्रचलित प्रकार

निवड करण्यापूर्वी बाजारात ज्या नावांनी हे प्लग मिळतात ती माहीत असावीत. ६.३५ मिलिमीटर जाडीचा मोठा प्लग आपल्याकडील दुकानांत 'पी-३८' ह्या नावाने ओळखला जातो. ह्याचा जन्म एकोणिसाव्या शतकातील टेलिफोन-एक्स्चेंजच्या फलकावर झाला. दिवसभरात हजारो वेळा काढघाल सोसण्यासाठी तो घडविला होता, आणि म्हणूनच तो आजही मंडपवाल्यांचा विश्वासू सोबती आहे. त्याचे धाकटे भावंड म्हणजे ३.५ मिलिमीटरचा 'ईपी' प्लग. तो सर्वांत स्वस्त व सर्वांत दुबळा. त्याच्या आवरणात जाड केबल शिरत नाही आणि त्याची पकड अल्पावधीत सैल होते. ध्वनिमुद्रकास दुसरा मार्ग असेल तर तो टाळावा.

आरसीए प्लग हे नाव रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका ह्या कंपनीवरून पडले. १९३० नंतरच्या दशकात रेडिओच्या पेटीत आतील जोडण्यांसाठी तो आला, आणि पुढे त्याने घरगुती हाय-फायचे सारे क्षेत्र व्यापले. वारंवार काढघाल करण्यासाठी तो मुळात योजलेलाच नव्हता. त्यात आणखी एक दोष आहे : प्लग घालताना मधली पिन आधी लागते आणि कडे नंतर, म्हणून विवर्धक चालू असताना तो घातल्यास मोठा गुंजारव होतो. आवाज पूर्ण उतरवूनच तो घालावा.

जुन्या स्पूल टेपरेकॉर्डरांवर व रेडिओग्रामांवर पाच पिनांचा, जर्मन मानकानुसार 'डिन' म्हणून ओळखला जाणारा प्लग आढळतो. विभागांच्या कपाटांतील जुन्या फिती संगणकावर उतरवून घेण्यासाठी ह्या प्लगची केबल स्वतःच बनवावी लागते. टेपरेकॉर्डरांच्या प्रचलित रचनेत २ क्रमांकाची पिन भूसंपर्काची, ३ व ५ ह्या पिना ध्वनी बाहेर देणाऱ्या, आणि १ व ४ ह्या ध्वनी आत घेणाऱ्या असतात. पिनांचे क्रमांक ओळीने येत नसल्यामुळे प्लगच्या मागे कोरलेले आकडे पाहूनच जोडणी करावी.

मायक्रोफोनसाठी मात्र तीन पिनांचा एक्सएलआर प्लग हाच योग्य. लॉस एंजेलिस येथील कॅनन कंपनीने तो प्रचारात आणला, आणि म्हणून ध्वनिव्यवसायातील कित्येक मंडळी त्यास अद्याप 'कॅनन' म्हणतात. त्याची १ क्रमांकाची पिन जाळीस, २ क्रमांकाची सरळ संकेतास व ३ क्रमांकाची उलट संकेतास जोडावयाची असते. संकेत दोन तारांतून परस्परविरुद्ध दिशांनी जातो. बाहेरून आलेली घरघर दोन्ही तारांत सारखीच मिसळते आणि ध्वनिमुद्रक दोहोंतील फरक घेत असल्याने ती आपोआप वजा होते. जाळीस येथे संकेत वाहण्याचे काम नसल्यामुळे कड्याचा जो दोष वर वर्णिला तो ह्यात मुळातच उरत नाही. शिवाय त्यास खटका असल्याने तो ओढला गेला तरी निसटत नाही.

मुलाम्याविषयी

स्वस्त प्लगचे अंग बहुधा पितळेचे असते व त्यावर निकेलाचा मुलामा असतो. सोनेरी प्लगांत ह्या निकेलावर सोन्याचा आणखी एक थर दिलेला असतो. सोने गंजत नाही व त्यावर ऑक्साइडचा थर चढत नाही, हे खरे. पण हे गुण थर पुरेसा जाड असेल तरच मिळतात. उद्योगात विश्वसनीय संपर्कांसाठी अर्ध्या मायक्रोमीटरच्या वर जाडीचे कठीण सोने वापरतात. शोभेच्या मुलाम्याची जाडी बहुधा एक दशांश मायक्रोमीटरही नसते. असा थर सच्छिद्र असतो आणि पाचपंचवीस वेळा काढघाल केल्यावर झिजून खालचे निकेल उघडे पडते. म्हणजे ग्राहकाने सोन्याचे दाम मोजून अखेर निकेलच घेतलेले असते.

ह्याहून महत्त्वाचा नियम असा की प्लग व सॉकेट शक्यतो एकाच धातूचे असावेत. सोन्याचा प्लग कथिलाच्या मुलाम्याच्या सॉकेटात घातल्यास, सूक्ष्म हालचालींमुळे कथिलाचे ऑक्साइड सोन्यावर घासले जाऊन साचते व संपर्क बिघडतो. निकेलाच्या सॉकेटास निकेलाचाच प्लग शोभतो. चांदी ही सर्वोत्तम वाहक खरी, पण गंधकयुक्त हवेने ती काळवंडते. निकेलावर पातळ ऑक्साइड चढते, परंतु घट्ट बसणारा प्लग घालताना दोन-तीनदा फिरविला की ते घासून निघते. मेळघाटातील पावसाळी दमट हवेत काम करणाऱ्याने दर दिवशी मुद्रणाच्या आरंभी प्लग असा फिरवून घेण्याची सवय लावून घ्यावी. तिला खर्च काहीच नाही.

दुकानात करावयाची पारख

अमरावती, अकोला अथवा परतवाडा येथील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत, सीमेपलीकडे बऱ्हाणपुरास, किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर प्लग घेताना पुढील बाबी पाहाव्यात.

पहिली बाब केबलच्या पकडीची. प्लगचे आवरण फिरवून उघडावे. आत केबल दाबून धरणारी पट्टी अथवा क्लॅम्प आहे की नाही हे पाहावे. नसेल तर ओढ सारी सोल्डरच्या टाक्यावर येते, आणि बहुतेक घरगुती केबली तेथेच तुटतात. केबलचा एक तुकडा सोबत न्यावा. सहा मिलिमीटर जाडीची केबल चार मिलिमीटरच्या भोकात शिरत नाही, आणि तीन मिलिमीटरची केबल सहाच्या क्लॅम्पमध्ये धरली जात नाही. ही साधी विसंगती दुकानातच ओळखता येते.

दुसरी बाब कड्याची. आरसीए प्लगचे कडे चिरा दिलेले व किंचित आत वळलेले असावे, म्हणजे ते स्प्रिंगसारखे दाब देते. दुकानातील एखाद्या सॉकेटावर ते बसवून पाहावे. थोडे जोर लावून बसले आणि ओढताना अडले, तर ठीक. विनासायास घसरले तर तो प्लग घेऊ नये. बोटाने दाबताच वाकणारे व वाकलेलेच राहणारे कडे मऊ धातूचे असते, तेही टाळावे.

तिसरी बाब पिनेची. पिन चिमटीत धरून फिरवावी. ती आतील रोधक तुकड्यात गरगर फिरत असेल तर सोल्डर करताना ती हमखास तिरपी होते.

चौथी बाब धातूची. खिशात एक लहान चुंबक असावा. पितळेवरील निकेलाच्या पातळ थरामुळे चुंबक किंचितसा ओढला जातो. पण तो जोराने चिकटला तर प्लग लोखंडाचा आहे असे समजावे. असा प्लग पावसाळ्यात गंजतो. केबलचीही अशीच परीक्षा करावी : तारेचा एक धागा पात्याने खरवडावा, आत पांढरा धातू दिसला तर वरून तांबे चढविलेले ॲल्युमिनिअम अथवा लोखंड हाती आले आहे.

अखेरची सूचना अशी की एकदम डझनभर प्लग घेऊ नयेत. एक घ्यावा, घरी तपासावा आणि मग त्याच खोक्यातील बाकीचे घ्यावेत. नामांकित प्लगांच्या नकलाही बाजारात असतात, हेही ध्यानात ठेवावे.

घरी करावयाच्या तीन परीक्षा

साधा मल्टिमीटर ०.१ ओहमाखालचा रोध दाखवू शकत नाही. त्यामुळे त्याची 'बीप' ऐकून संपर्क उत्तम आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होय. त्याऐवजी १२ व्होल्टची बॅटरी व १२ ओहम, २० वॉटचा रोधक घेऊन प्लग-सॉकेटच्या कड्यातून सुमारे एक अँपिअर प्रवाह न्यावा, आणि मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टच्या पट्टीवर ठेवून कडे व सॉकेट ह्यांच्यामधील दाब मोजावा. प्रवाह एक अँपिअर असल्याने जितके मिलिव्होल्ट तितकेच मिलिओहम. मोजताना प्लग हलवून पाहावा. आकडा दहाच्या आत राहिला आणि हलविल्याने फारसा बदलला नाही, तर प्लग उत्तम समजावा. आकडा उड्या मारू लागला तर तो सोनेरी असो वा चंदेरी, बाजूस ठेवावा. रोधक ह्या वेळी चांगलाच तापतो. त्यास हात लावू नये.

दुसरी परीक्षा ओढीची. तयार केबलचा प्लग एका हाती धरून दुसऱ्या टोकास पाण्याने भरलेली दोन लिटरची बाटली मिनिटभर टांगावी. दोन किलोच्या ह्या भाराने केबल क्लॅम्पमधून सरकली तर क्लॅम्प निरुपयोगी आहे.

तिसरी परीक्षा प्रत्यक्ष मुद्रणाची. केबल ध्वनिमुद्रकास जोडून, मायक्रोफोन शांत खोलीत ठेवून, ध्वनिमुद्रकाची पातळी चढवावी व मुद्रण चालू असता दोन्ही प्लग दाही दिशांनी हलवावेत. आलेखात एकही टिकटिक उमटता कामा नये. धारणीस निघण्यापूर्वी प्रत्येक केबलची ही परीक्षा घेऊन तिच्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवावी.

सोल्डरिंगविषयी थोडेसे

उत्तम प्लगही वाईट सोल्डरने फुकट जातो. ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे असलेले, आत राळ भरलेले सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते आणि एकदम घट्ट होते. नवशिक्यास हेच सोयीचे. कल्हईसाठी वापरला जाणारा नवसागर अथवा आम्लयुक्त पेस्ट येथे सर्वथा वर्ज्य, कारण त्यांचा अवशेष पुढे तार खाऊन टाकतो. स्वस्त प्लगातील रोधक तुकडा उष्णतेने मऊ होतो; यास्तव सोल्डर करण्यापूर्वी प्लग एका रिकाम्या सॉकेटात घालून ठेवावा. सॉकेट उष्णता शोषून घेते व पिनही सरळ राहते. कड्याचा पत्रा मोठा असल्याने तो तापावयास वेळ लागतो. तो आधी खरवडून त्यावर सोल्डरचा पातळ थर द्यावा, मग जाळी जोडावी. हाच टाका सर्वांत महत्त्वाचा, आणि बहुधा हाच कच्चा राहतो. शिशामुळे काम झाल्यावर हात धुवावेत व खोलीत वारा खेळता ठेवावा.

केबलची लांबी हाही प्लगइतकाच विचार करण्याजोगा विषय आहे. शील्ड केबलची धारिता दर मीटरास सुमारे १०० पिकोफॅरड असते. पाठविणाऱ्या उपकरणाचा संरोध १,००० ओहम व केबल तीन मीटर असेल तर उच्च कंप्रतांची घट ५३० किलोहर्ट्‌झच्या आसपास सुरू होते, आणि ती विसरता येते. परंतु १०,००० ओहम संरोधाच्या जुन्या उपकरणापासून दहा मीटर केबल नेली तर हीच मर्यादा १६ किलोहर्ट्‌झवर उतरते व ध्वनीची धार बोथट होते. ह्यावर उपाय प्लग बदलण्याचा नसून केबल आखूड करण्याचा आहे.

पैशाची वाटणी

मर्यादित निधी कसा वाटावा, ह्याचा क्रम आता सांगता येईल. सर्वांत जास्त खर्च मायक्रोफोनच्या एक्सएलआर प्लगांवर करावा. तेथील संकेत अतिशय क्षीण असतो, हालचाल सर्वाधिक होते, आणि हुकलेले वाक्य पुन्हा तसेच मिळत नाही. १९७५ साली लिक्टेनस्टाइन येथे स्थापन झालेल्या न्यूट्रिक कंपनीचे किंवा त्या तोडीचे प्लग येथे घेणे हा अपव्यय नव्हे. तेही सोनेरी नसून साधे निकेलाचे घ्यावेत. त्याच कंपनीची 'रीन' ही स्वस्त मालिका विभागातील श्रवणकक्षाच्या आरसीए केबलींस पुरेशी आहे. एकदा लावून वर्षानुवर्षे न हलविण्याच्या जोडण्यांस दुकानातील साधा पितळी प्लगही चालतो. मात्र वरील परीक्षांत तो उतरला पाहिजे. ध्वनिक्षेपकाच्या केबलीस प्लगच नको. उरलेल्या पैशातून चार जादा प्लग, सोल्डर आणि सेलवर अथवा गॅसवर चालणारी सोल्डरिंगची कांडी घ्यावी. परतवाडा सोडून सेमाडोह, हरिसाल ह्या मार्गाने जंगलात शिरल्यावर तुटलेली केबल दुरुस्त करावयाची ती आपल्याच हातांनी.

प्लग हा संकेताच्या मार्गातील सर्वांत स्वस्त दुवा आहे, आणि सर्वांत आधी निखळणाराही तोच. त्याच्याकडून ध्वनी सुधारण्याची अपेक्षा करणे व्यर्थ होय. आलेल्या ध्वनीत त्याने स्वतःचे काही मिसळू नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. ही अपेक्षा थोड्या रुपयांचा निकेलाचा प्लग पूर्ण करू शकतो. घेणाऱ्याने मात्र पिनेवरील चकाकीऐवजी कड्याचा ताण व केबलची पकड पाहिली पाहिजे, आणि धारणीची गाडी पकडण्यापूर्वी केबलची परीक्षा घेतली पाहिजे.